दोन कर्जत

भाविका मढवी घाबरट आहे हे तिच्या माहेरी, तळवलीला, सगळ्यांना माहीत होतं आणि सासरी घणसोली गावातही पहिल्या महिन्यातच कळलं. कामावर निघाली की गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरायची आणि गॅसचं बटण बघून यायची. मेल पाठवला की लगेच पाठवलेल्या मेलांत जाऊन तोच पुन्हा वाचायची. नवरा मितेश रबाळ्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. तो तिला यावरून चिडवायचा, पण बेताने. आमच्याकडे बॉयलरवर घाबरणारीच माणसं ठेवतात, असं तो म्हणायचा. सासू गोजरा मात्र सरळ सांगायची की सून हुशार हाय, फक्त जीव चिमणीचा हाय.

भाविकाचे वडील कमळाकर यांची जमीन शहर वसवताना गेली, त्यानंतर ते एका शाळेत शिपाई झाले. मुलीने वाशीला कॉलेज केलं, कॉल सेंटरमध्ये दोन वर्षं काढली, आणि रात्रपाळीला कंटाळून एका मैत्रिणीच्या नादाने डेटाबेसचा कोर्स केला. तो तिला आवडला. आकड्यांची भीती तिला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती लाल अक्षरांची. कोड चालवला आणि खाली लाल ओळ उमटली की तिच्या पोटात खड्डा पडायचा. सहा वर्षं या धंद्यात काढूनही तो खड्डा काही बुजला नव्हता.

महापेला ती ज्या कंपनीत होती तिच्याकडे एका सेवाभावी संस्थेचं काम होतं. ही संस्था डोंगरातल्या आणि दुष्काळी भागातल्या खेड्यांत छोटे दवाखाने चालवायची. औषधांचं मोठं गोदाम तुर्भ्याला. दवाखान्यांनी रोज उरलेला साठा मोबाइलवरून कळवायचा, भाविकाच्या टीमने त्या आकड्यांचा नकाशावर दिसणारा डॅशबोर्ड करायचा, आणि तो बघून गोदामातल्या अरुणाताईंनी गाड्या भरायच्या. अरुणाताई पन्नाशीच्या, मूळच्या करावे गावच्या. बोलणं मोजकं. भाविका त्यांना फोनवरून ओळखायची, प्रत्यक्ष एकदाच भेटली होती.

डॅशबोर्डच्या पोटात जे असतं त्याला त्यांच्या धंद्यात ॲनालिटिक व्ह्यू म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. आकडे टेबलांत नुसते पडलेले असतात. त्यांच्यावर एक व्याख्या लिहायची असते की हा दवाखाना या तालुक्यातला, हा तालुका या जिल्ह्यातला, हा जिल्हा या विभागातला. या नात्यांच्या वर्णनाला डायमेन्शन म्हणायचं, आणि खालून वर जाणाऱ्या उतरंडीला हायरार्की. एकदा हे नीट लिहिलं की डेटाबेस स्वतःच बेरजा करतो. जिल्ह्यावर बोट ठेवा, जिल्ह्याचा साठा दिसतो, तालुक्यावर ठेवा, तालुक्याचा. अट एकच. खालच्या प्रत्येकाला वर एकच आईबाप हवेत. एका तालुक्याला दोन जिल्हे निघाले तर डेटाबेस अडतो आणि लाल ओळ टाकतो.

त्या जुलैत संस्थेने नगर आणि पुणे जिल्ह्यांत, शिवाय एक पेणला, असे नवे दवाखाने उघडले. त्यांची यादी शुक्रवारी दुपारी आली. ही उतरंड मुळात लिहिणारा अभय वडिलांच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होता, म्हणून यादी चढवायचं काम भाविकाकडे आलं. तिने ती चढवली, व्ह्यू चालवला, आणि लाल ओळ आली. इंग्रजी लांबलचक वाक्य, त्यात ‘तालुका’ या पातळीचं नाव, आणि एका किल्लीला, म्हणजे ओळखखुणेला, एकाहून जास्त वरचे सापडले असं काहीतरी. संध्याकाळ व्हायला आली होती. डॅशबोर्ड सगळीकडे कोरा पडला होता. टीमच्या प्रमुख क्षिप्रा मॅडम दोनदा येऊन विचारून गेल्या. तुर्भ्याहून अरुणाताईंचा फोन आला की उद्या गाड्या ठरवायच्या आहेत, मला निदान काहीतरी दिसू दे.

भाविकाने ती ओळ धड वाचली नाही. लाल अक्षरांकडे तिला बघवेना. शेजारच्या प्रसादने मागून डोकावून सांगितलं की ‘तालुक्यावरून जिल्हा ठरतो’ ही अटच काढून टाक, मग तक्रार करायला त्याच्याकडे काही उरणारच नाही. तिने ती अट काढली. व्ह्यू चालला. नकाशा पुन्हा रंगला, हिरवे गोल दिसू लागले. मॅडमनी टीमच्या ग्रुपवर तिचं नाव घेऊन शाबासकी टाकली, आणि भाविका त्या संध्याकाळी घरी जाताना गल्लीतल्या गाडीवरून सगळ्यांसाठी भजी घेऊन गेली.

मंगळवारी सकाळी, चहाचा कप अजून भरलेला असताना, ती काही कारण नसताना नकाशा उघडून बसली होती. पाठवलेला मेल पुन्हा वाचावा तसंच. कर्जतचा गोल चांगला गडद हिरवा होता. सर्पदंशाच्या इंजेक्शनचा साठा गरजेच्या तिप्पट. तिला ते बरं वाटलं, कारण कर्जतच्या डोंगराकडे भातलावणीच्या दिवसांत साप फार निघतात. तिने गोलावर बोट ठेवलं. खाली दोन दवाखान्यांची नावं उघडली. एक आंबेवाडी. दुसरं राशीन.

ती राशीनवर थांबली. त्यांच्या घरातल्या खालच्या खोलीत एक रिक्षावाला भाड्याने राहायचा, तो राशीनचा. देवीच्या यात्रेला गावी जायचा तेव्हा आदल्या रात्री एसटी पकडायचा आणि सकाळी पोचायचा. कर्जत तर इथून दोन तासांवर. मग राशीन कर्जत तालुक्यात कसं?

मग तिच्या लक्षात आलं. कर्जत दोन आहेत. एक रायगडातलं, एक नगरातलं. शाळेत भूगोलाच्या बाईंनी हे सांगितलं होतं, परीक्षेत प्रश्नही आला होता. शुक्रवारी डेटाबेस हेच सांगत होता. एका तालुक्याला दोन जिल्हे सापडतायत, हा एक तालुका नाही, दोन आहेत, असं तो ओरडून सांगत होता, आणि तिने त्याचं तोंड दाबलं होतं.

तिने आकडे वेगळे काढले. राशीनच्या नव्या दवाखान्यात सुरुवातीचा मोठा साठा पोचलेला होता. आंबेवाडीत चार व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या चार बाटल्या, होत्या. नाग असो वा घोणस, डॉक्टर पहिल्या खेपेलाच दहा देतात, हे अरुणाताईंनी तिला पूर्वी समजावून सांगितलं होतं. चारमध्ये एका माणसाचंही भागत नाही. पण बेरीज भरपूर दिसत होती, म्हणून शनिवारी ठरलेल्या पाठवण्याच्या यादीत कर्जत आलंच नव्हतं. सोमवारची गाडी पनवेल, खालापूर करून परत आली होती.

प्रसाद शेजारी हेडफोन लावून बसला होता. तिने त्याला हलवून स्क्रीन दाखवली. तो हळूच म्हणाला, “हे बघ, यादी त्यांनीच दिली ना? दोन्हीकडे नुसतं कर्जत लिहिलंय. आपण काय करणार. तू ती अट परत घाल, दुपारपर्यंत आकडे नीट होतील, शनिवारच्या यादीत कर्जत येईल. कोणाला काही कळणार पण नाय.”

त्यात खोटं काही नव्हतं. यादीत खरंच नुसतं कर्जत लिहिलेलं होतं. भाविकाला वाटलं, असंच करावं. नोकरीच्या पगारावर घरावरच्या नव्या मजल्याचं काम चाललं होतं, मितेशच्या कारखान्यात माणसं कमी करणार अशी बोलणी होती. पण शनिवार अजून लांब होता, आणि त्या चार व्हायल तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिने फोन उचलून तुर्भ्याला लावला.

अरुणाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की आंबेवाडीला विचारते आणि तुला करते, फोन मोकळा ठेव.

भाविका फोनकडे बघत बसली. फोन आला तेव्हा तिने तो पहिल्या रिंगला उचलला.

“सकाळी एक बाई आणलीय तिथं,” अरुणाताई म्हणाल्या. “ठाकरवाडीची. लावणीला गेलेली, बांधावर पाय दिला. घोणस. होत्या त्या चार दिल्यात.”

“मग?”

“मग काय, डॉक्टर शोधतायत. सरकारी दवाखान्याला फोन केलाय. मी आपल्या ड्रायव्हरला, सितारामला, पेटी देऊन लावते. तू तुझं बघ, भाविका. अजून कुठं असं झालंय ते बघ. ते तुलाच बघता येईल.”

फोन बंद झाला. भाविका उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि ओकली. पोटात चहाचे दोन घोट होते तेवढेच पडले. आरशात तिला आपला चेहरा कोणा दुसरीचा वाटला. बाहेर येऊन ती थेट क्षिप्रा मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानेच सांगून टाकलं की शुक्रवारी मी एरर दुरुस्त केली नव्हती, मी ती बंद केली होती, आणि त्यामुळे एका दवाखान्यात औषध गेलं नाही, आणि तिथे आत्ता एक बाई आहे. प्रसादचं नाव तिने घेतलं नाही. मॅडम चाळिशीच्या, नागपूरकडच्या, एरवी भराभर बोलणाऱ्या. त्यांनी लॅपटॉप मिटला. रागावल्या नाहीत, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं भाविकाला वाटलं. त्यांनी विचारलं की तुझ्याकडून आत्ता काम होईल का, की दुसऱ्या कोणाला बसवू. भाविका म्हणाली, होईल. तसं तिला मुळीच वाटत नव्हतं.

मॅडमनी सगळ्या दवाखान्यांना निरोप पाठवला की डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नका, साठा फोनवरून कळवा. मग खुर्ची ओढून त्या भाविकाच्या शेजारी येऊन बसल्या.

पहिलं काम, काढलेली अट परत घालायची. भाविकाने ती घातली आणि व्ह्यू चालवला. लाल ओळ आली, शुक्रवारचीच. या वेळी तिने ती शब्दाला शब्द लावून वाचली. मान खाली घालून ऐकावं तशी. मग तिने एक साधी विचारणा लिहिली: प्रत्येक तालुक्याच्या नावामागे वेगवेगळे जिल्हे किती, आणि जिथे एकाहून जास्त तेवढे दाखव. बटण दाबताना तिने डोळे मिटले. शंभर ओळी आल्या तर?

तीन आल्या. कर्जत, खेड, पेण.

खेड समजण्यासारखं होतं. एक रत्नागिरीचं, एक पुण्याचं. मॅडमनी तिथल्या तिथे दोन्हीकडे फोन लावले. दोन्ही खेडांत साठा पुरेसा निघाला, नशिबाने. पण पेण? पेण एकच आहे. तिने पेणचे दोन जिल्हे उघडले तर दोन्हीकडे रायगडच लिहिलेलं. रायगड आणि रायगड. अक्षर न् अक्षर तेच. तिला वाटलं आपलं डोकं चालेनासं झालंय, समोर दिसतंय ते कळत नाही. ती तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली. शेवटी मॅडम म्हणाल्या, लांबी मोज. लांबी मोजली तेव्हा एका रायगडच्या शेवटी एक रिकामी जागा निघाली. कोणीतरी टाइप करताना स्पेसबार जास्त दाबला होता. माणसाला न दिसणारी ती जागा डेटाबेससाठी अख्खा दुसरा जिल्हा झाली होती.

एवढ्यात फोन वाजला. सिताराम शीळफाट्याला पोचला होता, पुढे ट्रक अडकलेत म्हणत होता. त्या बाईला उलट्या होत होत्या. सरकारी दवाखान्यातून सहा व्हायल घेऊन त्यांचा माणूस मोटारसायकलवर निघाला होता. एवढं सांगून अरुणाताईंनी ठेवून दिला.

भाविकाने पेणमागची जागा पुसली. कर्जतचा प्रश्न पुसण्याने सुटणारा नव्हता. मूळ चूक व्याख्येतच होती. अभयने तालुक्याची ओळख म्हणून तालुक्याचं नाव धरलं होतं, आणि तेव्हा एकाच नावाचे दोन तालुके यादीत नसल्यामुळे ते चाललं होतं. आता ओळख नावावर ठेवून भागणार नव्हतं. जिल्ह्याचा क्रमांक आणि तालुक्याचा क्रमांक दोन्ही जोडून किल्ली करायची, नाव फक्त दाखवण्यापुरतं. तिने डायमेन्शन तसं बदललं. हिरवी खूण आली. हायरार्की चालवली, ती लाल. तिथे अजून जुन्याच किल्लीचं नाव राहिलं होतं, आणि ती किल्ली आता डायमेन्शनमध्ये नव्हतीच. तेही बदललं. मग व्ह्यू लाल झाला, कारण त्याला हायरार्की नव्याने बांधलेली कळलीच नव्हती. त्यालाही मुळापासून बांधावं लागलं. एक दुरुस्त केलं की दुसरं पडायचं. प्रत्येक लाल ओळीबरोबर तिला ठाकरवाडीच्या त्या बाईचा पाय दिसायचा. तिने तो बघितलेला नव्हता. तरी दिसायचा, सुजलेला, चिखलाचा.

एकदा तिच्याकडून चुकीचीच बटणं पडू लागली. मॅडमनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, “तू सांग, मी टाइप करते.” तसं बराच वेळ चाललं. भाविका एकेक ओळ तोंडाने सांगत होती आणि त्या लिहीत होत्या. प्रसाद मधूनच पाण्याची बाटली ठेवून गेला. त्याने कोणाकडे बघितलं नाही.

जेवणाची सुट्टी होऊन गेल्यावर कळलं की सहा व्हायल पोचल्या, पहिल्या दहा पूर्ण झाल्या, आणि सिताराम नेरळ सोडून पुढे गेलाय. भाविकाने विचारलं, म्हणजे वाचली ना? अरुणाताई म्हणाल्या, तसं नसतं ते. घोणशीचं विष रक्त पातळ करतं. आता काही तासांनी बोटभर रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवतील. ते गोठलं तर ठीक. नाही गोठलं तर पुन्हा दहा द्याव्या लागतात.

म्हणजे अजून वाट बघायची होती. भाविकाने देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण तिला एकही नाव धड आठवेना.

व्ह्यू शेवटी चालला. लाल काही आलं नाही. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. भाविका मात्र रेलली नाही. शुक्रवारीही लाल काही नव्हतं. तिने डेटाबेसची स्वतःची तपासणी चालवली, जी चुका सापडतील तेवढ्या ओळी एका टेबलात टाकते. टेबल रिकामं आलं. तिला ते खरं वाटेना. मग तिने नकाशा उघडला, कर्जत शोधलं. दोन होते. एक लांब, पूर्वेला, हिरवा. एक सह्याद्रीच्या अलीकडे, लालभडक, त्यात शून्य. ते शून्य बघून ती रडायला लागली. मॅडमनी तिला केबिनमध्ये नेऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी फोन आला तेव्हा ऑफिस अर्धं रिकामं झालं होतं. अरुणाताईंनी आधी सांगितलं की रक्त गोठलं नाही. भाविकाने टेबलाची कड धरली. मग त्या म्हणाल्या की सिताराम त्याआधीच पोचला होता, पेटीतल्या दहा लगेच लावल्यात, बाई शुद्धीवर आहे, तिने पाणी मागितलं. लघवी होत नाहीये, तिला रात्रीच्या आत मोठ्या दवाखान्यात हलवणार आहेत, किडनीचं बघावं लागेल.

“वाचेल का, अरुणाताई?”

“डॉक्टर म्हणतायत वाचेल.” पुढे त्या म्हणाल्या, “तू सकाळी फोन नसता केलास तर आत्ता ही पेटी तिथं नसती. आणि शुक्रवारी नीट केलं असतंस तर सकाळीच असती. दोन्ही खरंय. घरी जा आता.”

घरी गोजराने तिचा चेहरा बघून ताट वाढलं. भाविकाने सगळं सांगितलं, मितेश आल्यावर पुन्हा सांगितलं. मितेश म्हणाला की बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वाजतो म्हणून बांधून ठेवतात काही जण, तसलंच झालं हे. मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो, आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. गोजरा चुलीपुढे बसावं तशी गॅसपुढच्या पाटावर बसली होती. आता जिथे टॉवर उभे आहेत तिथे तिने तरुणपणी लावण्या केल्या होत्या.

“आमच्या टायमाला घोनस डसली का मानूस घरा येयाचाच नय,” ती म्हणाली. “ती बाय जगली तं तिचं नशीब हाय. तू जेव पयले.”

भाविकाला दोन घासांपुढे जेवण गेलं नाही. त्या आठवड्यात तिला झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की फोन वाजल्याचा भास व्हायचा.

बाई जगली. बरेच दिवस डायलिसिसवर राहिली, पण जगली आणि घरी गेली. कंपनीने संस्थेला सगळं लेखी कळवलं. भाविकाला ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची पगारवाढ झाली नाही. अभय परत आल्यावर म्हणाला की नावाची किल्ली करणं ही माझी चूक होती, पण तोवर कागदपत्रं पुढे गेली होती. पुढे एका दुपारी प्रसादने स्वतःहून मॅडमना जाऊन सांगितलं की अट काढायचं मीच सुचवलं होतं. यानंतर टीममध्ये एक नियम आला की तपासणीची कोणतीही अट एकट्याने काढायची नाही, दुसऱ्याने बघायची. भाविकाला नोकरी सोडावीशी वाटत होती. सोडली नाही. भीती गेली नाही, फक्त तिने जागा बदलली. आता सगळं पहिल्याच फटक्यात सुरळीत चाललं की तिच्या पोटात खड्डा पडायचा, आणि ती मुळापासून पुन्हा मोजायला बसायची. टीमला त्याचा कधी त्रास व्हायचा, पण कोणी बोलायचं नाही.

दिवाळीनंतर नव्या ॲपची माहिती द्यायला ती अरुणाताईंबरोबर आंबेवाडीला गेली. सिताराम गाडी चालवत होता. भात कापून झाला होता, खाचरं पिवळी पडली होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. नर्सने फ्रिज उघडून दाखवला. आत दोन ओळींत व्हायल लावलेल्या. भाविकाने त्या मोजल्या नाहीत, नुसत्या बघितल्या.

पडवीतल्या बाकावर तीन-चार बायका बसल्या होत्या. नर्स हळूच म्हणाली, ती निळ्या लुगड्यातली, गोळ्या न्यायला येते दर महिन्याला. सावळी, काटक बाई, तिशीची असेल. पाय पुढे पसरून बसली होती. घोट्याजवळची कातडी काळपट आणि चकचकीत झालेली. भाविका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. काय बोलायचं ते तिने गाडीत ठरवलेलं होतं. अरुणाताई दारातून तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी मान किंचित हलवली, नको अशी.

त्या बाईनेच वळून तिच्याकडे बघितलं. शहरातली कोणी मॅडम, असं बघितलं.

“खालची गाडी गेली का वं?” तिने विचारलं.

भाविकाला ते माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं. मग ती उठून सितारामला विचारून आली आणि तिला सांगितलं, की गाडी अजून यायची आहे.